साड्या पांघरलेली बाग

नाशिककडे आमची द्राक्षबाग होती, हे मला अमेरिकेत गेल्यावर कळलं. हसू नका, खरंच तसंच झालं. २००६ च्या उन्हाळ्यात मी सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेले होते. सिएटलपासून तासाभरावर, समुद्राची खाडी जमिनीत शिरलीय त्या बाजूला तिचं घर. पहिल्याच शनिवारी तिच्या मराठी मैत्रिणी आपापले डबे घेऊन जेवायला आल्या. मी आतून गरम पुऱ्या आणून ठेवत होते, तेवढ्यात त्यातली पुण्याची होती ती म्हणाली, "मावशी, तुमची ग्रेप्सची बाग होती ना? किती एकर?"

मी लेकीकडे बघितलं. लेकीनं फ्रिज उघडून आत डोकं घातलं होतं.

किती एकर, हा प्रश्न दिसायला साधा. पण आपल्याकडे त्याच्या पाठीमागं आणखी एक प्रश्न उभा असतो, तो कुणी तोंडानं विचारत नाही. किती एकर, कुठल्या गावात, म्हणजे मग तुम्ही कुणातले. पुण्याच्या पोरीच्या मनात ते नसेलही. पण मला तो मागचा प्रश्न ऐकू येतो. आमच्या वस्तीतल्या कुठल्याही बाईला येतो.

"होती थोडी," मी म्हणाले, आणि पुऱ्या तळायला परत आत गेले.

खरं काय ते सांगते. बाग मालकाची. मी त्या बागेत रोजानं जायची. लग्न होऊन आले तेव्हापासून लेक नोकरीला लागेपर्यंत. घडांची विरळणी करायची, घड औषधाच्या डब्यात बुडवायचे, ऊन लागू नये म्हणून घडाला कागद बांधायचे, तोडणी आली की तोडणी. वेलीच्या छाटणीला गडीमाणसं, आम्ही बायकांनी मागून काड्या गोळा करायच्या. लेक तान्ही होती तेव्हा मांडवाच्या लोखंडाला झोळी बांधून तिला निजवायची आणि हाताशी असलेली ओळ संपवायची. या कामाची मला कधी लाज वाटली नव्हती. थकवा वाटायचा, राग यायचा, लाज नाही. ती त्या शनिवारी, पुऱ्या तळताना वाटली. आणि गंमत बघा, लेकीला विचारायचं सोडून मीच मनात तिची वकिली करत बसले. पोरीनं सांगितलं असेल काही कारणानं. तिला इथं राहायचंय, मला थोडंच.

लेकीच्या मागच्या अंगणाला लागून उतार होता आणि उतारावर शेजारणीची द्राक्षं होती. मोजक्याच ओळी, तारांवर उभ्या बांधलेल्या. आमच्यासारखा डोक्यावरचा मांडव नाही, भिंतीसारख्या वेली. बाई माझ्याहून थोडी मोठी, नवरा गेलेला, एकटीच राहायची. वेली दोघांनी मिळून लावलेल्या. लेकीनं कुंपणावरूनच तिला सांगून टाकलं होतं की आई एक्सपर्ट आहे. झालं, बाईला वाटलं देवानंच पाठवली. नात मला आजी म्हणते ते ऐकून तिला तेच माझं नाव वाटलं. ती पण मला "आजी" म्हणायला लागली. मला ते आवडायचं.

तिकडे द्राक्ष पिकवणं म्हणजे आमच्या उलटं सगळं. आमच्याकडे ऊन पुरून उरतं, ते कसं अडवायचं हा घोर. तिथं समुद्रावरून सारखं गार वारं, सकाळी धुकं, आणि ऊन येतं ते पाहुण्यासारखं, बूट न काढता. पुढे पावसाळी दिवस लागायच्या आत घडात गोडी उतरली तर उतरली, नाहीतर सगळं आंबट. तिची मागची दोन्ही वर्षं आंबट गेली होती, आणि वाईन करणारा एक जण होता तिच्या ओळखीचा, त्यानं माल घेतला नव्हता. या वर्षी उन्हाळा बरा होता. तो म्हणाला होता, गोडी भरली तर घेतो. हे ती येता-जाता सांगायची. लेक घरी नसली तरी खुणांनी सांगायची. एक बोट वर करायची, या वर्षी, अशी.

जुलैत तिनं घडांसमोरची पानं ओरबाडून टाकायला सुरुवात केली. माझा जीव खाली-वर. आमच्याकडे घडावरच्या पानाला असा हात लावला असता तर मालकानं घरी पाठवलं असतं. मी लेकीला म्हटलं, "तिला सांग बाई, उघडे पडले घड, करपतील."

लेकीनं सांगितलं. शेजारीण हसली आणि आभाळाकडे बोट दाखवून काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, तुमच्याकडे करपण्याएवढं ऊन असेल तर थोडं पार्सल करा."

मी पण हसले. पण हसून ते तिथंच सोडलं. ती बाई मला मोठी गोष्ट सांगत होती आणि मी ती विनोदावारी नेली.

ऑगस्टच्या शेवटाला मणी मऊ पडायला लागले. हिरवे होते ते पिवळट, काचेसारखे दिसायला लागले. एका दुपारी तिनं खिशातून छोटी दुर्बिणीसारखी नळी काढली. ती मी ओळखली. गोडी मोजायची नळी. आमच्या मालकाकडे होती, व्यापारी आला की दोघं आळीपाळीनं डोळा लावायचे आणि मग आम्हाला सांगायचे, उद्या तोडणीला या. नळी मी शंभरदा पाहिलेली, नळीतून एकदाही नाही. शेजारणीनं मणी चुरडून एक थेंब काचेवर सोडला आणि नळी माझ्या हातात दिली. मानानं दिली हो, एका बागवालीनं दुसरीला द्यावी तशी. मी डोळ्याला लावली. आत निळं-पांढरं काहीतरी आणि बारीक रेघा.

"गुड," मी म्हणाले.

ती वाट बघत राहिली. तिला आकडा हवा होता.

"गुड, गुड."

तिनं नळी घेतली, स्वतः बघितलं आणि खिशात ठेवली. मी घाईघाईनं एका घडातला वाळका मणी काढून टाकला, हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

सप्टेंबरात तिच्या बहिणीला बरं नव्हतं म्हणून ती आठवडाभरासाठी दुसऱ्या गावी गेली. जायच्या आधी आमच्याकडे आली. लेकीच्या फ्रिजवर आपला फोन नंबर चिकटवला आणि मला एक पत्र्याचा डबा आणि लाकडी डाव देऊन वाजवून दाखवला. पक्षी फार झाले होते. वेलींवर टाकायची जाळी ठिकठिकाणी फाटली होती, नवी आणायला तिला वेळ झाला नव्हता. एवढंच काम होतं माझं, सकाळ-संध्याकाळ ओळींतून फिरायचं आणि डबा वाजवायचा. तेवढंच केलं असतं तर.

काळे, ठिपक्याठिपक्यांचे पक्षी थव्यानं यायचे. डबा वाजवला की उठायचे आणि पलीकडच्या ओळीत बसायचे. दोन सकाळी माझी नुसती पळापळ झाली. तिसऱ्या दिवशी एका ओळीच्या टोकाला नुसते देठ राहिलेले बघितले आणि मला आमच्याकडच्या साड्यांची आठवण झाली. उन्हं कडक झाली की मालक बाजारातून जुन्या साड्यांचे गठ्ठे आणायचा. त्या आम्ही ओळींवरून सोडायचो. ऊन अडायचं, पाखरं अडायची, मण्याचा रंग राहायचा. लांबून बाग लग्नघरासारखी दिसायची.

मी लेकीला सांगितलं. लेकीनं मैत्रिणींना फोन केले. पुण्याच्या पोरीनं तर फोनवर मलाच मागून घेतलं. "मावशी, बॅगा भरून पडल्यात. इथं नेसतंय कोण?"

शनिवारी सगळ्या आल्या. काय हसलो त्या दिवशी.

"ही माझ्या नणंदेनं दिलेली, घाला पक्ष्यांना."

"अगं, पक्षी पण परत करतील ती."

"माझ्या साखरपुड्याची आहे यार, हिला लास्ट रोमध्ये लावा, नवऱ्याला दिसायला नको."

"मावशी, तुम्ही फक्त सांगा, आम्ही करतो."

आणि मी सांगत होते. हे लिहिताना हात थांबतो माझा. मी ओळीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी होते आणि सांगत होते, इकडून ओढ, तिथं गाठ मार, खालून नीट खोच, फट राहू देऊ नको. अगदी मालकाचा आवाज. 'नीट' म्हणताना तो मान जशी झटकायचा तशी माझी मान झटकली गेली, मला कळलं ते. आयुष्यभर मी गाठी मारल्या होत्या, मारून घेतल्या पहिल्यांदाच. उतारावरच्या खालच्या ओळी झाकून झाल्या तेव्हा साड्या संपल्या. लाल, मोरपंखी, पिवळ्या. पोरींनी फोटो काढले. लेक माझ्या खांद्यावर हात टाकून उभी राहिली आणि म्हणाली, "आईच्या बागेत असंच करायचे." मी कॅमेऱ्याकडे बघून हसले.

रविवार बरा गेला. सोमवारी धुकं उतरलं ते उठेचना. मग बारीक पाऊस, आपल्याकडे ज्याला कोणी पाऊस म्हणणार नाही असा, नुसता हवेत लोंबकळणारा. साड्या सगळ्या सिंथेटिक. भिजून वेलींना अंगासरशी चिकटल्या.

लेक कामावर जाताना खिडकीतून बघून म्हणाली, "आई, ओल्या झाल्यात त्या. काढायच्या का?"

"बघते," मी म्हणाले.

"तुला माहीत," ती म्हणाली आणि गेली.

मला माहीत नव्हतं. हीच तर गोष्ट आहे. साडी कशी सोडायची, गाठ कशी मारायची की ओढताना काडी मोडू नये, हे माझे हात झोपेत करतील. पण कधी टाकायची आणि कधी काढायची, हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. सकाळी मुकादम यायचा, म्हणायचा, आज साड्या काढा. आम्ही काढायचो. का आज, काल का नाही, हे त्यालाही मालक सांगायचा. आमच्याकडे साड्या असताना पाऊस आला तर काय करतात, ते मी किती आठवून बघितलं. आठवेना, कारण तेव्हा मी दुसऱ्याच ओळीत मान खाली घालून कागद बांधत असणार.

मग मी काय केलं, तर वाट बघितली. खिडकीशी उभी राहायची, खाली जायची, साडीचं टोक उचलायची, आत ओलसर उबट वास यायचा, टोक परत सोडायची. काढल्या आणि पाखरांनी फडशा पाडला तर? ठेवल्या आणि काही झालं तर? मंगळवार गेला, बुधवार गेला. मी अशी वाट बघत होते की जणू कोणी तरी येऊन सांगणार आहे. फ्रिजवर नंबर होता. रोज दूध काढताना तो नंबर माझ्या नाकासमोर यायचा. लेकीला म्हटलं असतं तर तिनं फोन लावून दिला असता. पण एक्सपर्ट बाई फोन करून काय विचारणार, साड्या कधी काढू म्हणून?

शेजारीण परत आली तेव्हा मी ओळीतच होते. तिनं लांबून रंग बघितले आणि आधी खरंच खूश झाली, हात गालावर ठेवून उभी राहिली. मग जवळ आली आणि पहिल्या वेलीवरची साडी उचलली. घडांवर राखेसारखी बुरशी बसली होती. मणी हात लावला की सालीतून सुटत होते. तिनं पुढची उचलली. त्याच्या पुढची. मी तिच्यामागून गाठी सोडत गेले. तेवढं मात्र मला छान येत होतं.

वरच्या, उघड्या ओळींत पाखरांनी खाऊन बरंच शिल्लक होतं. पण खालच्या ओळी, ज्यांना उतारावर सगळ्यात जास्त ऊन लागायचं, त्याच गेल्या होत्या. वाईनवाला दुसऱ्याच दिवशी आला. त्यानं एक घड नाकाशी नेला, मान हलवली, बाईच्या पाठीवर हात ठेवला. मी लेकीच्या खिडकीच्या पडद्यामागे होते. मला त्यांचं बोलणं कळण्याची गरज नव्हती.

तरी बाईनं त्या शनिवारी सगळ्यांना बोलावलं. साड्या दिल्या होत्या त्या सगळ्या पोरींना. म्हणाली, चांगले घड तोडू आणि रस काढू, प्रत्येकीनं घरी न्या. मला जायचं नव्हतं. पोटात दुखतंय म्हणून बघितलं. लेक म्हणाली, "आई, इट्स ओके, तिला राग नाहीये." राग असता तर बरं झालं असतं.

सगळ्या कात्र्या घेऊन ओळींत पसरल्या. मी तोडत होते, हात आपोआप चालत होता. एक कुजका मणी काढायचा, घड फिरवायचा, बादलीत ठेवायचा. शेजारीण माझ्यासमोर, वेलीच्या पलीकडे. पानांतून तिनं मला काहीतरी विचारलं. सहज विचारलं, टोमणा नव्हता त्यात. लेकीनं मराठीत सांगितलं, "ती विचारते, तुमच्या बागेत पाऊस आला तर साड्या कधी काढता? तिला शिकायचंय. पुढच्या वर्षीसाठी."

पोरी सगळ्या आजूबाजूला होत्या. पुण्याची माझ्याच ओळीत होती.

मी लेकीला म्हणाले, "तिला सांग, मला माहीत नाही. मालक सांगायचा तेव्हा काढायचो."

लेक माझ्याकडे बघत राहिली. मग शेजारणीकडे वळून इंग्रजीत म्हणाली की आईला आता नीट आठवत नाही, खूप वर्षं झाली.

तेवढं इंग्रजी मला येतं. नातीबरोबर कार्टून बघून बघून आलेलं. शेजारणीनं मान डोलवली, वय झालं की होतं असं, अशी. आणि मला वाटलं, आता ही बाई पुढच्या वर्षी पण माझ्या म्हणण्यावर चालेल.

"नो माय फार्म," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "आय वर्क. अदर मॅन फार्म. ही से पुट, आय पुट. ही से टेक, आय टेक."

कात्र्यांचा आवाज थांबला. मग एकीची सुरू झाली, मग बाकीच्यांच्या. पुण्याची पोरगी जरा वेळानं म्हणाली, "मावशी, तुमची बादली भरली. दुसरी देऊ?" ती चांगल्या मनानं म्हणाली की विषय बदलायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बादली मात्र तिनं स्वतः उचलून नेली.

शेजारीण पानांतून माझ्याकडे बघत होती. मग हळू बोलली. लेकीनं ते मराठीत सांगितलं तेव्हा खाली बघून सांगितलं. "ती म्हणते, मग मला फोन करून विचारायचं होतं ना, आजी. मी सांगितलं असतं."

आमची बाग होती म्हणून मला विचारता आलं नाही. बाग नसती, मी नुसती शेजारची म्हातारी असते, तर पहिल्याच पावसाला विचारलं असतं, आणि तिची द्राक्षं वाईनवाल्याकडे गेली असती.

साड्या धुऊन परत द्यायच्या होत्या. लेकीनं बाथटबमध्ये भिजत घातल्या. मशीनमध्ये टाकू म्हणाली, मी नको म्हटलं. काहींवर काळे डाग पडले होते, ते चोळूनही जाईनात. आम्ही दोघी एकेक साडी काढायचो, ती एक टोक धरायची, मी दुसरं, आणि उलट्या दिशेनं पिळायचो. लहानपणी तिला हे फार आवडायचं. पाणी सगळं फरशीवर.

बऱ्याच साड्या झाल्यावर ती म्हणाली, "तुला लाज वाटायची का, तिथं, गावी बागेत जायला?"

"नाही."

"मग सगळ्यांसमोर असं का बोललीस?"

"तिथं जायची नाही वाटली," मी म्हणाले. "तू आमची बाग म्हणालीस ना, तेव्हा वाटली."

तिनं पिळणं थांबवलं. टोक हातातच होतं. मला लगेच वाटलं की हे बोलायला नको होतं. मी तरी कुठे नाही म्हणाले होते, फोटोत हसले होते.

"मला खरंच वाटायचं, आई," ती म्हणाली. "लहान असताना. तू दिवसभर तिथंच असायचीस. मला वाटायचं आपलीच आहे."

झोळीतल्या पोरीला वाटत असेल तसं. पण शाळेत जायला लागल्यावर तिनं मालकाच्या ओट्याखाली उभं राहून माझ्या हजेरीच्या पैशांची वाट बघितलेली आहे, तेव्हा काय वाटत होतं, ते मी विचारलं नाही. खरं असेल, नसेल. माझं टोक मी घट्ट धरून ठेवलं, कारण मधे साडी जमिनीला लागत होती.

"पीळ," मी म्हणाले. "अजून पाणी आहे."